जेवणाच्या टेबलावरील लढाई

आमच्या जेवणाच्या टेबलाला गेल्या वर्षभरात बरेच काही सोसावे लागले आहे. दर रविवारी सकाळी त्यावरील लोणच्याची बरणी, पाण्याचा तांब्या आणि माझे वर्तमानपत्र उचलले जाते, चौकटी आखलेला एक मोठा कागद अंथरला जातो, त्यावर बुद्धिबळातील प्याद्यांपासून सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत नाना वस्तू मांडल्या जातात, आणि मग आमचे धाकटे चिरंजीव व त्यांची मित्रमंडळी मिळून एखादे राज्य वसवितात किंवा बुडवितात. दुपारी सौ. पोळ्यांचा डबा घेऊन आली की राज्यकारभार तहकूब होतो.

या खेळाविषयी सदरातून लिहावे असे माझ्या मनात नव्हते. फासा या वस्तूबद्दल शिक्षकाच्या मनात जो पूर्वग्रह असतो तो माझ्याही मनात होता. धर्मराजाची गोष्ट वर्गात पंचवीसएक वेळा सांगितल्यावर तो असायचाच. परंतु दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक मोठी लढाई झाली, ती सपशेल फसली, आणि ती का फसली याचा शोध घेता घेता मी त्या विषयात असा काही गुंतलो की आता वाचकांपुढे ती हकीकत मांडल्यावाचून राहवत नाही.

ज्यांच्या घरी हा खेळ अद्याप पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला, आणि १९७४ साली तीन पुस्तिकांच्या एका पेटीच्या रूपाने तो बाजारात आला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो, खेळाडू आपापले पात्र त्या प्रसंगी काय करील ते सांगतात, आणि जेथे यशापयश सांगता येत नाही तेथे वीस पैलूंचा एक फासा टाकून निकाल लावतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट मात्र पुढे सरकते. आमच्याकडे सूत्रधार चिरंजीव. चार खेळाडूंपैकी दोघे त्यांच्या महाविद्यालयातले, एक मागच्या गल्लीतला सिंधी मुलगा, आणि एक शेजारची मुलगी. ही मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकते आणि खेळात मांत्रिक होते, हा योगायोग मला फार आवडतो.

चार माणसे एका गुहेत शिरली आणि त्यांच्यावर सहा राक्षस चालून आले, तर हा खेळ झकास चालतो. दिवाळीत चिरंजीवांनी जो बेत आखला तो मात्र भव्य होता. खिंडीतील एक गढी, तिच्या तटावर चारशे शिपाई, आणि खाली ऑर्क नावाच्या राक्षसांची दोन हजारांची फौज. तो आठवडाभर नकाशे काढीत होता. रविवारी सकाळी दहाला लढाई सुरू झाली आणि दुपारी तीनला संपली. मी मधूनमधून डोकावत होतो. अकरा वाजता टेबलावर उत्साह होता. एक वाजता सिंधी मुलगा मोबाइलवर क्रिकेटचा धावफलक पाहत होता. दोन वाजता महाविद्यालयातल्या दोघांपैकी एक जण खुर्चीतच झोपला होता, आणि आमचे चिरंजीव घामाघूम होऊन एकटेच फासे टाकीत होते व एकटेच आकडे लिहीत होते. अखेर त्याने कंटाळून मित्रराजाचे घोडदळ खिंडीतून धाडले, राक्षसांची दाणादाण झाली आणि गढी वाचली.

वह्या मिटल्या गेल्या तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, “एक विचारू? आम्ही आज आलोच नसतो, तरी गढी वाचणारच होती ना?”

चिरंजीवांनी उत्तर दिले नाही. रात्री तो जेवलाही नीट नाही.

मी गणिताचा शिक्षक नव्हे, परंतु मुख्याध्यापकाला वेळापत्रक करावे लागते, म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. दोन्हीकडची मिळून दोन हजार चारशे डोकी. प्रत्येकासाठी एकदा फासा टाकून आकडा पाहायला दहा सेकंद धरले, तर एका फेरीस सहा तास चाळीस मिनिटे लागतात. आणि या खेळातील एक फेरी म्हणजे गोष्टीतली किती वेळ, तर सहा सेकंद! चिरंजीवांनी शहाणपणा करून दहा-दहांचे गट केले होते. तरीही फेरीला दोनशे चाळीस फासे, म्हणजे चाळीस मिनिटे. वर चार खेळाडूंच्या पाळ्या. पाच तासांत पाच फेऱ्या झाल्या. म्हणजे सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत त्या पोरांनी लढाईचे नेमके अर्धे मिनिट पाहिले होते.

हिशेब दाखविल्यावर तो हसला, आणि मग पुस्तकांचा एक ढीग त्याने माझ्यापुढे आणून टाकला. पंधरा दिवस मी ती वाचीत होतो. त्यात एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. या खेळाला मोठी लढाई अवघड जाते हे खरे, पण हा खेळ जन्माला आला आहे तो मोठ्या लढाईच्याच पोटी.

प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाचे पितापुत्र होऊन गेले. पित्याने युद्धाचा एक खेळ रचून १८१२ साली राजाला दाखविला. पुत्राने तो सुधारून १८२४ साली त्याचे नियम छापले. मोठा नकाशा, त्यावर तुकड्या दाखविणारे तांबडे व निळे ठोकळे, फासे, कोष्टके, आणि मध्ये एक पंच. एक पाळी म्हणजे लढाईतील दोन मिनिटे. खेळणारे सेनापती आपले हुकूम पंचाला देत, आणि त्यांच्या शिपायांना जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्यांना दाखवी. सरसेनापतींच्या कचेरीला हा खेळ इतका पसंत पडला की अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याचा वापर सुरू झाला. परंतु कोष्टके वाढत गेली, खेळ जड झाला, आणि १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने असा विचार मांडला की पंच अनुभवी असेल तर कोष्टके बाजूला ठेवून त्याने आपल्या विवेकाने निकाल द्यावा. कोष्टक की पंचाचा विवेक, हा वाद तेव्हापासूनचा आहे. चिरंजीवांची दुपार नेमकी या वादात फसली होती: पाच तास तो कोष्टकाचा दास होता आणि शेवटच्या पाच मिनिटांत बेबंद पंच झाला.

पुढे हा सैन्यखेळ घराघरांत शिरला. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली मुलांच्या खेळण्यातील शिपाई आणि लहानशी तोफ घेऊन जमिनीवर लढाया कशा कराव्यात यावर एक पुस्तक लिहिले. अमेरिकेत अशा खेळांची मंडळे निघाली. मिनेसोटातील अशाच एका मंडळात १९६९ साली डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एक काल्पनिक जर्मन शहर मांडले. दोन सैन्ये त्या शहराकडे निघाली आहेत, असा प्रसंग. मंडळी जास्त जमली, म्हणून त्याने काहींना सेनापतीऐवजी नागरिक केले: एक नगराध्यक्ष, एक सावकार, एक विद्यापीठाचा प्रमुख. झाले असे की लढाई राहिली बाजूला आणि हे नागरिक एकमेकांशी कारस्थाने करीत बसले. वेस्लीला वाटले, आपला खेळ बिघडला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. त्यांच्यातच आर्नेसन होता.

इकडे गायगॅक्सने जेफ पेरेन याच्याबरोबर ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ साली प्रसिद्ध केले होते. त्यात एक शिशाचा शिपाई म्हणजे वीस माणसे असे धरले होते. पुस्तकाच्या शेवटी राक्षस आणि मांत्रिक यांची पुरवणी होती. तीत वीर म्हणजे चौघांच्या तोडीचा, आणि मांत्रिकाच्या अग्निगोलाचा घेर मोठ्या गोफणयंत्राच्या दगडाइतका! चमत्कारालाही तोफखान्याच्या मापानेच मोजले होते. आर्नेसनने हे नियम घेतले, वेस्लीकडून एकेका माणसाची भूमिका घेतली, आणि दोन्हींची सांगड घातली. वीस माणसांच्या ठोकळ्यातून एक माणूस बाहेर आला. त्याला नाव मिळाले, घर मिळाले, वैरी मिळाले. आता पन्नास वर्षांनी आमचा मुलगा त्या माणसाला पुन्हा फौजेत उभा करू पाहत होता, आणि फौज त्याला गिळत होती.

या अडचणीवर पूर्वीच्या मंडळींनी तोडगे काढले नाहीत असे नाही. याच खेळाच्या १९८४ सालच्या एका संचात प्रत्येक सैन्याला एक आकडा द्यायचा, त्यात नेता, कवायत, शस्त्रे सगळे आले. मग दोन्हीकडून शंभरापर्यंतचा एकेक फासा टाकायचा आणि फरकावरून जय, पराजय व हानी ठरवायची. पाच मिनिटांत पानिपत! हिशेब चोख, पण खेळाडूंनी तोवर हाताची घडी घालून बसायचे. पुढच्याच वर्षी पुठ्ठ्याच्या शेकडो सोंगट्यांची एक स्वतंत्र पेटी निघाली. तीत खेळाडू सेनापती होतो. हा तोडगा काहींना मानवतो. शेजारच्या मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “काका, मला फौज नको. माझी मांत्रिक मला पुरे आहे.”

मला स्वतःला पटला तो त्याच १९८५ सालच्या एका निराळ्या खेळाचा मार्ग. ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेंड्रॅगन’ हा राजा आर्थर व त्याचे सरदार यांच्यावरचा खेळ. त्यात लढाईचा एकंदर ओघ सेनापतींच्या फाशांवर वाहतो. खेळाडूचा सरदार मात्र प्रत्येक फेरीत गर्दीतून जो कोणी पुढ्यात येईल त्याच्याशी झुंजतो. हजारोंचे काय झाले हे त्याला धुरळा बसल्यावर कळते. लढाईत उभ्या असलेल्या माणसाला याहून अधिक काय दिसणार?

कथाकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. या सगळ्या खेळांना ज्यांच्या कादंबऱ्यांनी खाद्य पुरविले त्या टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’मध्ये, १९३७ सालच्या, शेवटी पाच सैन्यांची प्रचंड लढाई आहे. आणि नायक काय करतो? डोक्यात दगड बसून बेशुद्ध पडतो! शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. लहानपणी मला कोणी ही कादंबरी दिली असती तर मी चिडलो असतो. आज वाटते, म्हातारा पक्का मास्तर होता.

चिरंजीवांना मी एवढेच विचारले, “पानिपतावर आपल्याकडची माणसे किती पडली?” त्याला सांगता येईना. “जखमी महादजींना कोणी उचलले?” “राणेखान भिस्त्याने. बैलावर घालून.” ग्वाल्हेरात वाढलेल्या मराठी मुलाला हे विचारावे लागत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसातला एक पाणक्या आणि एक बैल त्याच्या ध्यानात होता. तो काही वेळ गप्प बसला आणि मग नकाशा घेऊन आत गेला.

येथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. तरुणपणी सहायक शिक्षक असताना मी साठ मुलांची सहल एका किल्ल्यावर नेली होती. परतताना बसमध्ये मुले मोजली. साठ भरली. पुन्हा मोजली, पुन्हा साठ. बस निघाली. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मागच्या बाकावर एक मुलगा रडू लागला. तो दुसऱ्याच शाळेचा होता, चुकून आमच्या बसमध्ये चढला होता. आमचा मुलगा किल्ल्याच्या पायऱ्यांवर एकटा बसून होता. अंधार पडता पडता आम्ही तेथे पोहोचलो. तो रडत नव्हता. “सर, मला वाटलं तुम्ही मोजलं असेल,” एवढेच तो म्हणाला. असो.

महिन्याभराने दुसरी लढाई ठरली. पहिली झालीच नाही असे सर्वानुमते ठरविण्यात आले. इतिहासकारांना अशी सोय नसते. गढी तीच, आकडे तेच. पण चिरंजीवांनी मांडणी पार बदलली होती. दोन हजारांच्या पाच टोळ्या, चारशेच्या चार तुकड्या, एवढ्याच सोंगट्या. रात्रीचे चार प्रहर, म्हणून लढाईचे चार टप्पे. दर प्रहरी प्रत्येक तुकडीसाठी एकच फासा. आणि दर प्रहरी गढीत तीन ठिकाणी संकट. खेळाडू चारच, सगळीकडे पुरणार नाहीत. ते जेथे जातील तेथील झुंज नेहमीच्या रीतीने, माणसागणिक खेळायची, आणि तिचा निकाल त्या तुकडीच्या फाशाला बळ देईल किंवा ते काढून घेईल. जेथे ते जाणार नाहीत तेथे व्हायचे ते होईल.

झुंजीतही त्याने काटकसर केली. खेळाच्या २०१४ सालच्या पुस्तकात झुंडीसाठी एक कोष्टक आहे. समजा, राक्षसाला वार लागू करण्यासाठी वीस पैलूंच्या फाशावर सतरा किंवा अधिक हवे. म्हणजे विसांतले चार आकडे, पाचांत एक. मग पाच राक्षस एकावर तुटून पडले तर फासा न टाकताच एक वार लागला असे धरावे. हे तर सरळ त्रैराशिक झाले! कोष्टक ढोबळ आहे, लहान आकड्यांना तर फारच, परंतु पंधरा राक्षसांच्या पंधरा फाशांचा खणखणाट त्याने वाचतो.

राहिला तो मुलीचा प्रश्न. ‘आम्ही नसतो तरी हेच झाले असते ना’ या शंकेवर पुस्तकांत उपाय सापडेना. येथे मात्र मुख्याध्यापकाचा अनुभव कामी आला. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका कशा येतात? सीलबंद पाकिटात. मी म्हटले, खेळाडू कोठेच गेले नाहीत तर दर प्रहरी तिन्ही ठिकाणी काय होईल ते आधी लिहून काढ आणि पाकिटे बंद कर. प्रहर संपला की सर्वांसमक्ष उघड. मित्रराजाचे घोडदळ हवे असेल तर तेही पाकिटात आधीच असले पाहिजे. त्याला हे पटले. चार पाकिटे झाली, चिकटविलेल्या कडेवर मी न वाचता सह्या केल्या. लाखेचा आग्रह मात्र सौ.च्या सांगण्यावरून सोडला.

सही करणाऱ्याला मोबदला म्हणून एक पात्र मिळाले. मी गढीचा वृद्ध किल्लेदार झालो.

पहिले दोन प्रहर भराभर गेले. विहिरीत विष टाकायला आलेली टोळी तिरंदाजाने हेरली. शिड्या घेऊन धावत आलेल्या राक्षसांवर मुलीने अग्निगोल टाकला आणि एक अख्खी रांग भाजून निघाली. त्यानंतर शत्रू दाटीवाटीने येईना, विखरून येऊ लागला. तोफांचा मारा प्रखर होत गेला तशा खऱ्या फौजांनाही दाट रांगा सोडाव्या लागल्या. चिरंजीवांनी हे ऐन वेळी सुचून केले, आणि मी मनात त्याला पाठीवर थाप दिली. दोन प्रहर उरकले तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते. कोणी मोबाइलला हात लावला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी दरवाजावर धडका बसू लागल्या, तटाचा एक कोपरा खचला, आणि ओढ्यावरच्या लाकडी पुलापलीकडे कंदील दिसू लागले. खालच्या गावातली एकशे वीस माणसे बैलगाड्या घेऊन पुलाकडे येत होती. त्यांच्या मागे चारशेंची एक टोळी होती. पूल उभा राहिला तर टोळी गढीच्या मागच्या बाजूला येणार. पूल तोडला तर गाव पलीकडे राहणार.

“किल्लेदार काय हुकूम देतात?” सूत्रधाराने विचारले.

मी क्षणभरही थांबलो नाही. गढीत चारशे शिपायांतले तीनशे उरले होते, शिवाय बायकामुले. “पूल तोडा. सगळे दरवाजावर या.”

चिरंजीव माझ्याकडे पाहत होता. सूत्रधाराच्या आवाजात नव्हे, आपल्या नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, “बाबा, मोजून झालं?”

मी काही बोललो नाही. मुलगी उठून उभी राहिली. खेळात उठून उभे राहण्याचे कारण नसते. “किल्लेदारसाहेब, हुकूम ऐकला,” ती म्हणाली. “मी पुलावर जाते आहे.” तिच्याबरोबर सिंधी मुलाचा योद्धा निघाला. तिरंदाज आणि चोर माझ्यापाशी दरवाजावर राहिले.

पुलाची झुंज पाऊण तास चालली. पूल अरुंद, एका वेळी दोघांनीच लढायचे. दोन हजारांच्या लढाईत टेबलावर उभ्या होत्या त्या मोजून आठ सोंगट्या. मागून गावकरी बारा-बारांच्या जथ्यांनी येत होते आणि दर जथ्यासाठी मुलगी स्वतः फासा टाकीत होती. सात जथे पार झाले. मग योद्धा पडला. तो वाचला, पण उचलून आणावा लागला, आणि तिला मागे फिरताना स्वतःच पूल पेटवावा लागला. चौऱ्याऐंशी माणसे अलीकडे आली, छत्तीस पलीकडे राहिली.

दरवाजाचे सांगायचे तर तेथे दोन बळकट हात कमी होते, म्हणून फाशातून तेवढे वजा झाले. आकडा कमी पडला. दरवाजा फुटला, बाहेरचा तट गेला, आणि किल्लेदार पहिल्याच रेट्यात कामास आला. माझ्या मरणाला अदमासे चार सेकंद लागले. सिंधी मुलगा म्हणाला, “सॉरी, अंकल.” चिरंजीव म्हणाला, “बाबा, आता तुम्ही मोकळेच आहात, तर चहा टाका.”

मी चहा घेऊन आलो तेव्हा तिसरे पाकीट उघडले होते. मुलीच्या हातात तो कागद होता. त्यावर चिरंजीवांच्या अक्षरात लिहिले होते की पुलाकडे कोणीच गेले नाही तर पहारेकरी पूल तोडतील आणि गाव पलीकडे राहील. दरवाजावर चौघेही असतील तर तो सकाळपर्यंत टिकेल. घोडदळाचा उल्लेख कोठेही नव्हता.

तिने कागद दोनदा वाचला. ती चिडेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, “ते छत्तीस कोण होते?”

“म्हणजे?”

“नावं काय त्यांची? कोण कोण राहिलं?”

चिरंजीवांनी हे ठरविले नव्हते. त्याने प्रामाणिकपणे तसे सांगितले आणि पुढच्या रविवारची मुदत मागितली. चौथा प्रहरही पुढच्या रविवारवर गेला. तिने तो कागद घडी करून आपल्या वहीत ठेवला.

रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर जेवणाच्या टेबलावरचा दिवा चालू होता. लोणच्याची बरणी जागेवर परत आली होती आणि तिच्या शेजारी वही उघडून चिरंजीव बसला होता. एक ते छत्तीस आकडे ओळीने घातलेले होते. पहिल्या पाचांपुढे नावे होती.

“बाबा,” तो वर न पाहता म्हणाला, “गावच्या कुंभाराचं नाव काय ठेवू?”

मी खुर्ची ओढून बसलो. कुंभाराला नाव मिळाले, मग त्याच्या म्हाताऱ्या आईला, मग आईच्या शेळीला, जी छत्तिसांत नव्हती. एकोणिसाव्या नावापर्यंत आलो तेव्हा आतून सौ.ने विचारले की उद्या शाळा आहे की नाही.